सीई मार्क सुट्या भागांवर लावायचा की नाही? जर्मन ग्राहकाची मेल आणि आमची अडचण

तांब्याचे वेटोळे | सोमवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचत आलोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. विषय निकडीचा आहे, जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. वडिलांनी दोन वाइंडिंग मशीनवर सुरू केलं, आज आम्ही चौदा जण आहोत. मूळ काम चोक आणि इंडक्टर, म्हणजे सर्किटमध्ये लागणारी तांब्याच्या तारेची वेटोळी, गुंडाळायचं. मी हाताशी आल्यापासून थोडे बोर्डही बनवतो. आता जर्मनीतल्या एका मशीन बनवणाऱ्या कंपनीकडून पहिली ऑर्डर येऊ घातली आहे. त्यात तीन प्रकारचा माल आहे. पहिले फेराइट कोअरवरचे सुटे चोक, ते त्यांच्या बोर्डावर लागणार. दुसरा आमचा २४ व्होल्ट डीसीवर चालणारा सेन्सर बोर्ड, उघडाच, डबीशिवाय, तो त्यांच्या मशीनच्या पॅनेलमध्ये बसणार. तिसरा एक छोटा गेटवे (उपकरणं नेटवर्कला जोडणारा), डबीत बंद, आत विकत घेतलेलं वायफाय मॉड्यूल आणि सोबत भिंतीत खोचायचा अडॅप्टर. अडॅप्टरही आम्ही बाहेरून घेतो.

त्यांच्या खरेदी विभागाची मेल आली की सगळ्या मालावर सीई मार्क (युरोपीय कायद्यांच्या अटी पाळल्याची खूण) हवा आणि प्रत्येक वस्तूचं सीई सर्टिफिकेट सोबत पाठवा. इथल्या एका एजंटला विचारलं. तो म्हणाला, तिन्हींचं मिळून पस्तीस हजार, आठ दिवसांत हातात. सॅम्पल नको, फोटो आणि डेटाशीट पुरे. वडील म्हणतात घेऊन टाक, ऑर्डर मोठी आहे. पण सॅम्पल न बघता कोण कसलं सर्टिफिकेट देणार, हे माझ्या मनाला पटत नाही. खरं काय ते सांगा.

जास्वंद | सोमवार, रात्री ११:३०

वाचतेय. आमच्याकडेही हाच घोळ झाला होता. उद्या सविस्तर लिहिते.

कालवाकाठ | मंगळवार, दुपारी १:१५

दादा, सगळ्यात आधी सांगते, त्या एजंटला एक रुपयाही देऊ नका.

मी मूळची इचलकरंजीची, आता नेदरलँड्समध्ये. आशियातून इलेक्ट्रॉनिक माल आणणाऱ्या कंपनीत हेच काम करते: येणाऱ्या मालाचे कागद तपासायचे आणि पटले नाहीत तर माल अडवायचा. त्यामुळे जरा लांबलचक लिहिते.

सीई हे बाहेरच्या कुणी द्यायचं सर्टिफिकेटच नाही. बहुतेक इलेक्ट्रॉनिक मालात बनवणारा स्वतः तपासून घेतो, स्वतः कागद तयार करतो, स्वतः सही करतो आणि स्वतः खूण लावतो. सहीच्या कागदाला ईयू डिक्लरेशन ऑफ कन्फॉर्मिटी म्हणतात, आम्ही सगळे डीओसी म्हणतो. त्याच्या पाठीमागे टेक्निकल फाइल लागते. सर्किट, पार्टलिस्ट, धोक्यांचा विचार, टेस्ट रिपोर्ट, वापरायच्या सूचना असं सगळं त्यात असतं, आणि माल बाजारात गेल्यापासून दहा वर्षं ती सांभाळावी लागते. कधीही कुणी मागितली तर काढून दाखवता आली पाहिजे. एजंट फोटोवरून जे देणार आहे ते यातलं काहीच नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या ग्राहकाच्या खरेदी विभागालाही ठाऊक नसावी. सीई मार्क ज्या वस्तूला कायद्याने लागतो तिच्यावरच लावता येतो. ज्या वस्तूला असा कुठलाच कायदा लागू नाही तिच्यावर तो लावणंच नियमाविरुद्ध आहे. २००८ च्या ७६५ क्रमांकाच्या नियमावलीत हे स्पष्ट लिहिलं आहे.

आता तुमचा माल बघू.

चोक: यांना मार्क नाही. लो व्होल्टेज डायरेक्टिव्हच्या (विजेच्या सुरक्षिततेचा युरोपीय कायदा) मार्गदर्शिकेत रेझिस्टर, कपॅसिटर, इंडक्टर, डायोड, ट्रान्झिस्टर, आयसी हे मूळ घटक म्हणून बाहेर ठेवले आहेत, कारण चोक सुरक्षित आहे की नाही हे तो कुठल्या बोर्डावर, कशाच्या शेजारी, किती करंटवर बसणार यावरच ठरतं. ईएमसीचंही (उपकरणांनी एकमेकांच्या कामात विद्युत-चुंबकीय अडथळा आणू नये, याचा नियम) तसंच, नुसता चोक हातात घेऊन कुणी काही चालवत नाही. पण आरओएचएसमधून, म्हणजे घातक पदार्थांवर मर्यादा घालणाऱ्या नियमातून, सुटका नाही. मार्क लागत नसला तरी शिसं, कॅडमियम वगैरे मर्यादेतच हवं. नाहीतर ज्याच्या मशीनमध्ये तो जाणार त्याची डीओसी खोटी पडेल. म्हणून चोकसोबत मटेरियल डिक्लरेशन, म्हणजे कुठले पदार्थ आहेत याची लेखी घोषणा, द्या. मूळात त्यांना हवं आहे ते तेच.

सेन्सर बोर्ड: लो व्होल्टेज डायरेक्टिव्ह ५० ते १००० व्होल्ट एसी आणि ७५ ते १५०० व्होल्ट डीसी या पट्ट्यात लागू होतो, तुमचे २४ व्होल्ट त्याच्या खाली. ईएमसी डायरेक्टिव्हमध्ये, म्हणजे २०१४/३० मध्ये, सगळं तुम्ही कुणाला विकता यावर आहे. बोर्ड फक्त दुसऱ्या उत्पादकाला त्याच्या मशीनमध्ये बसवायला देत असाल तर मार्क लागत नाही. तोच बोर्ड वेबसाइटवरून कुणालाही घरी आणून जोडायला विकलात तर कायद्याच्या नजरेत ते पूर्ण उपकरण झालं आणि मार्क लागला. बोर्ड तोच, फक्त गिऱ्हाईक बदललं.

गेटवे: इथे मार्क लागणारच. वायफाय आलं की रेडिओ इक्विपमेंट डायरेक्टिव्ह, २०१४/५३. सुरक्षितता आणि ईएमसी दोन्ही त्याच्याच पोटात येतात. वरून आरओएचएस. अडॅप्टरवर वेगळं लिहिते, त्याच्याबद्दल सांगण्यासारखं बरंच आहे. जेवणाची सुट्टी संपली.

प्रवासी पाखरू | मंगळवार, दुपारी ३:४०

उत्तम माहिती, वाचनखूण साठवली. मी जर्मनीत असतो, छंद म्हणून सर्किट जोडतो. ऑनलाइन मागवलेल्या मॉड्यूलवर दोन प्रकारचे सीई दिसतात, एकात अक्षरं लांब, एकात चिकटलेली. चिकटलेल्याचा अर्थ ‘चायना एक्सपोर्ट’ असतो असं व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं होतं. खरं आहे का?

कालवाकाठ | मंगळवार, संध्याकाळी ६:०५

नाही. अशी कुठली खूण अस्तित्वातच नाही. २००७ च्या शेवटी युरोपीय संसदेत यावर लेखी प्रश्न आला होता. आयोगाचं उत्तर असं की ‘चायना एक्सपोर्ट’ नावाची खूण आम्हाला माहीत नाही, चुकीच्या मापात काढलेला तो सीईच आहे.

माप तपासणं सोपं आहे. खऱ्या खुणेत दोन्ही अक्षरं वर्तुळावर बेतलेली असतात. पेन्सिलने सी चं वर्तुळ पूर्ण करा, ते ई च्या अंगात शिरतं, म्हणजे दोघांत चांगली मोकळी जागा असते. ई ची मधली दांडी वरच्या-खालच्या टोकांपेक्षा आखूड. उंची किमान ५ मिलिमीटर. वस्तू अगदीच लहान असेल तर खोक्यावर आणि कागदांवर चालते.

पण अक्षरं मापात आहेत म्हणून माल चांगला असं मुळीच समजू नका. मापात छापायला कुणालाही येतं.

जास्वंद | मंगळवार, रात्री ९:२०

काल म्हटल्याप्रमाणे लिहिते. मी साताऱ्याजवळच्या एका युनिटमध्ये असेंब्ली लाइन सांभाळायचे. आमचा माल इटलीला जायचा. कालवाकाठ ताईंनी आरओएचएस दोन ओळींत संपवलं, पण छोट्या युनिटचा जीव तिथेच अडकतो, म्हणून सविस्तर.

दहा पदार्थ आहेत. शिसं, पारा, कॅडमियम, षट्संयुजी क्रोमियम, दोन प्रकारची ब्रोमीनवाली अग्निरोधकं आणि चार थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारी रसायनं). मर्यादा ०.१ टक्का, कॅडमियमला ०.०१. थॅलेट नंतर आले, २२ जुलै २०१९ पासून, आणि वायरच्या पीव्हीसी आवरणात, स्लीव्हमध्ये, मऊ प्लास्टिकमध्ये ते नेमके सापडतात. दादा, तुमच्या चोकवरची स्लीव्ह कुठून येते ते आजच बघा.

आता खरा मुद्दा. ही टक्केवारी पूर्ण बोर्डाच्या वजनावर मोजत नाहीत, एकजिनसी मटेरियलवर मोजतात. म्हणजे सोल्डरचा एक जोड हे एक मटेरियल, स्लीव्ह हे दुसरं, पिनवरचा मुलामा तिसरं. आमच्या लाइनवर मशीनचं सोल्डरिंग पूर्ण शिसंविरहित होतं. पण रीवर्कच्या टेबलावर एका जुन्या मावशींच्या खणात ६३/३७ चं (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) रीळ होतं. त्यांचा हात त्याच्यावर बसलेला. १८३ अंशाला वितळतं, चकचकीत जोड येतो. शिसंविरहित सोल्डरला २१७ च्या पुढे जावं लागतं, जोड जरा मळकट दिसतो आणि बघणाऱ्याला वाटतं कोल्ड सोल्डर, म्हणजे कच्चा जोड, राहिलं. मावशींना ते बरोबर वाटायचं नाही म्हणून त्या चांगल्या मनाने आपल्या रिळाने दुरुस्त करायच्या. तेवढ्या जोडात शिसं ३७ टक्के.

ग्राहकाच्या इन्स्पेक्टरने एक्सरे गनने बोर्ड तपासले, चाळीसपैकी तीन सापडले. पूर्ण लॉट परत आला. मावशींना कुणी रागावलं नाही, चूक त्यांची नव्हतीच. त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं की का बदलायचं. लाइन सांभाळणारी मी होते, सांगायचं काम माझं होतं.

त्यानंतर आम्ही दोन्ही सोल्डरचे टेबल, बिटं, स्पंज, कथील ओढायच्या वेण्या, सगळं वेगळं केलं. जुन्या बिटाला चिकटलेलं शिसंही पुढच्या जोडात उतरतं.

तांब्याचे वेटोळे | मंगळवार, रात्री १०:१०

ताई, हे वाचून खाली वर्कशॉपमध्ये जाऊन आलो. आमच्याकडे दोन्ही रिळं एकाच ड्रॉवरमध्ये आहेत. चोकच्या टोकांना कथील चढवायचं भांडं तर वडिलांच्या काळापासून ६३/३७ चंच आहे.

जास्वंद | मंगळवार, रात्री १०:२५

मग ते भांडं पहिलं बदला. ते नुसतं रिकामं करून नवीन कथील भरून चालणार नाही, कडांना राहिलेलं शिसं सगळा घाणा बिघडवतं. नवं भांडंच घ्या. आणि बदलल्यावर त्यातल्या कथिलाचा नमुना तपासून घेऊन रिपोर्ट जपून ठेवा.

निर्वात | बुधवार, सकाळी ८:००

चांगला धागा. मी ईएमसी टेस्टिंगमध्ये आहे, त्या बाजूने थोडी भर.

पुष्कळांचा समज असतो की सीईसाठी टेस्ट युरोपातच करावी लागते. तसं नाही. उत्पादकाने स्वतःच्या जबाबदारीवर घोषित करायचं असल्यामुळे प्रयोगशाळा कुठली असावी याचं बंधन नाही. आपल्याकडे मान्यताप्राप्त लॅब आहेत. पुण्यात एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे, खारघरला समीर या सरकारी संशोधन संस्थेची लॅब आहे, खासगीही आहेत. फक्त लॅबला आयएसओ १७०२५ (प्रयोगशाळांसाठीचं मानक) ची एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता आहे का आणि तुम्हाला हवं ते मानक त्या मान्यतेच्या व्याप्तीत आहे का, हे आधी विचारा.

गेटवेसाठी रेडिओला ईएन ३०० ३२८, ईएमसीला ईएन ३०१ ४८९ आणि सुरक्षिततेला ईएन ६२३६८-१ लागेल. ‘मॉड्यूलवर सीई आहे, अडॅप्टरवर सीई आहे, म्हणजे माझा डबाही सीई झाला’ हे रोज ऐकतो. दोन पास झालेल्या वस्तू एकत्र केल्या की तिसरी पास होते असं अजिबात नाही. मॉड्यूलचे रेडिओ रिपोर्ट बरेचसे वापरता येतात, पण डबा म्हणून ईएमसी नव्याने बघावीच लागते.

एक प्रसंग सांगतो. नाशिकहून एकजण असाच डबा घेऊन आले होते. सगळे भाग प्रमाणित. चेंबरमध्ये ठेवला, टर्नटेबल फिरवलं, अँटेना वरखाली केली, तर १४४ आणि १६८ मेगाहर्ट्झला दोन सुळके मर्यादेच्या वर. क्लास बी ला, म्हणजे घरगुती वापराच्या मालाला, तीन मीटर अंतरावर २३० मेगाहर्ट्झपर्यंत मर्यादा ४० डेसिबल असते. त्यांच्या बोर्डावर २४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल होता, म्हणजे हे त्याचेच सहावे आणि सातवे पट. अडॅप्टरची वायर काढून बॅटरीवर चालवला, सुळके गायब. आवाज क्रिस्टलचा होता, पण अँटेना झाली होती ती अडॅप्टरची दीड मीटरची वायर. संध्याकाळी सात वाजेपर्यंत ते गृहस्थ तांब्याची पट्टी, फेराइटचे क्लिप, कपॅसिटर लावून बघत होते. शेवटी पॉवर आत येते तिथेच कॉमन मोड चोक लावला, ग्राउंड डबीला जवळून बांधलं, तेव्हा सुळके खाली आले.

वेटोळे साहेब, तुम्ही तर चोकच बनवता. डिझाइनमध्येच जागा ठेवा. टेस्टला यायच्या आधी कुठल्याही प्री-कम्प्लायन्स (मुख्य टेस्टच्या आधीची चाचपणी करणाऱ्या) लॅबमध्ये दोन तास घ्या. पूर्ण टेस्ट नापास झाली की पैसे आणि महिना दोन्ही जातात.

कालवाकाठ | बुधवार, दुपारी १:३०

निर्वात यांच्याशी पूर्ण सहमत. आता अडॅप्टर.

२०२२ मधली गोष्ट. आमच्या कंपनीने एका पुरवठादाराकडून छोटी उपकरणं मागवली होती, प्रत्येकासोबत १२ व्होल्टचा अडॅप्टर. कागद आले तर अडॅप्टरचं सर्टिफिकेट बघण्यासारखं होतं. निळी वेलबुट्टीची चौकट, सोनेरी शिक्का, मध्यभागी मोठा सीई. मी तारीख बघितली, २०२२. खाली मानक लिहिलं होतं ईएन ६०९५०-१. या मानकाची मुदत डिसेंबर २०२० मध्ये संपलेली, त्याच्या जागी ६२३६८-१ आलेलं. शिवाय अडॅप्टरवर सीईच्या पुढे चार आकडी नंबर. हा नंबर नोटिफाइड बॉडीचा, म्हणजे तपासणीसाठी अधिकृतपणे नेमलेल्या बाहेरच्या संस्थेचा, असतो, आणि लो व्होल्टेज डायरेक्टिव्हमध्ये नोटिफाइड बॉडीची भूमिकाच नाही. म्हणजे साध्या अडॅप्टरवर तो असायचं कारणच नव्हतं. आयोगाच्या नँडो नावाच्या यादीत बघितलं, तर तो नंबर भलत्याच कामाच्या एका संस्थेचा निघाला.

गोदामात जाऊन एक अडॅप्टर उघडला. मुख्य विजेची बाजू आणि १२ व्होल्टची बाजू यांच्यामध्ये बोर्डावर जे अंतर असतं ते व्हर्नियरने मोजलं. पाच मिलिमीटरच्या आसपास असायला हवं होतं. दोनही भरलं नाही. मध्ये खाच पाडलेली नाही, आणि एके ठिकाणी सोल्डरचा थेंब त्या अंतरात आलेला. त्या अडॅप्टरच्या दुसऱ्या टोकाचं उपकरण लहान मुलांच्या खोलीत ठेवायचं होतं. तो लॉट आम्ही विकला नाही. मालकांना मोठा तोटा झाला, पण त्यांनी एका शब्दाने विरोध केला नाही, हे मी विसरणार नाही.

म्हणून दादा, अडॅप्टर घेताना उत्पादकाची स्वतःची डीओसी, ६२३६८-१ चा पूर्ण रिपोर्ट (नुसतं पहिलं पान नको) आणि अडॅप्टरवरचा मॉडेल नंबर हे तिन्ही एकमेकांशी ताडून बघा. रिपोर्टमधला आतला फोटो आणि तुमच्या हातातल्या अडॅप्टरचं आतलं अंग सारखं आहे का, हे एक उघडून बघा. एकच, पण उघडा. अशा बाह्य अडॅप्टरना वीजबचतीचा नियमही आहे, २०१९/१७८२, एप्रिल २०२० पासून. त्याचा उल्लेख डीओसीत हवा.

तंबोरा | बुधवार, संध्याकाळी ५:४५

माझा प्रश्न जरा वेगळा. मी मिरजेत इलेक्ट्रॉनिक तानपुरे बनवतो, महिन्याला जेमतेम पंधरा. फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्समध्ये गाणं शिकणारी मुलं वेबसाइटवरून मागवतात, मी कुरियरने थेट पाठवतो. तिथे माझा कुणी डीलर नाही. एवढ्या लहान माणसालाही हे लागू आहे का?

कालवाकाठ | बुधवार, रात्री १०:१५

काका, आहे. संख्येवर काही सवलत नाही. वेबसाइट युरोपातल्या ग्राहकांसाठी खुली असेल, तिथे पाठवतो असं लिहिलं असेल, युरोमध्ये किंमत असेल, तर तो माल युरोपच्या बाजारात आला असं धरतात. आणि १६ जुलै २०२१ पासून २०१९/१०२० या नियमावलीच्या कलम ४ प्रमाणे अशा मालासाठी युरोपीय संघात राहणारी जबाबदार व्यक्ती किंवा संस्था लागते. आयातदार, अधिकृत प्रतिनिधी, नाहीतर माल साठवून पाठवणारी सेवा. तिचं नाव आणि पत्ता वस्तूवर, खोक्यावर किंवा पार्सलवर हवा.

माझं मत विचाराल तर तिथला एखादा वाद्यविक्रेता गाठा जो रीतसर आयातदार होईल. तानपुरा बॅटरीवर किंवा यूएसबीवर चालणारा केलात तर अडॅप्टरची निम्मी डोकेदुखी जाईल. माझी मुलगी असाच तानपुरा लावून रियाज करते, म्हणून मनापासून सांगते. हे बंद पडू नये.

तंबोरा | बुधवार, रात्री १०:४०

आभारी आहे ताई. यूएसबीचं उद्याच बघतो. मुलीला आशीर्वाद.

प्रवासी पाखरू | गुरुवार, सकाळी ११:१०

कस्टम्सला सगळी खोकी उघडतात का? आणि यूकेला पाठवायचं असेल तर?

कालवाकाठ | गुरुवार, दुपारी १:२०

सगळी नाहीत, पण शंका आली की माल थांबवतात आणि बाजारावर नजर ठेवणाऱ्या खात्याला कळवतात. त्या खात्याने चार कामकाजाच्या दिवसांत ‘अडवून ठेवा’ असं सांगितलं नाही तर माल सुटतो. रेडिओच्या वस्तूंसाठी जर्मनीत हे खातं म्हणजे बुंडेसनेट्झआगेंटूर, आमच्याकडे आरडीआय. धोकादायक निघालेल्या मालाची यादी सेफ्टी गेट या संकेतस्थळावर सगळ्यांना बघता येते. अडॅप्टर आणि चार्जरची पानं एकदा चाळा, फोटोसकट कारणं दिलेली असतात.

यूकेने यूकेसीए हा स्वतःचा मार्क काढला, पण २०२३ मध्ये बहुतेक मालासाठी सीई बेमुदत मान्य ठेवायचं जाहीर केलं. इलेक्ट्रॉनिक्स त्यात आहे.

वेटोळे दादा, एक महत्त्वाचं राहिलं. तुमच्या गेटवेला डीफॉल्ट पासवर्ड आहे का?

तांब्याचे वेटोळे | गुरुवार, दुपारी २:०५

आहे. सगळ्या डब्यांना एकच. ग्राहकाला हवं तर बदलता येतो.

कालवाकाठ | गुरुवार, संध्याकाळी ६:३०

मग तो बदलावा लागेल. १ ऑगस्ट २०२५ पासून इंटरनेटला जोडता येणाऱ्या रेडिओ उपकरणांना सायबर सुरक्षेच्या अटी लागू आहेत. त्यासाठीचं मानक ईएन १८०३१, तीन भागांत. जानेवारी २०२५ मध्ये ते मान्य करताना आयोगाने अट घातली की वापरणाऱ्याला पासवर्ड न ठेवता उपकरण चालवता येत असेल तर नुसतं हे मानक पाळून भागणार नाही, नोटिफाइड बॉडीकडे जावं लागेल. तुमच्यासारख्या युनिटला तो खर्च आणि वेळ दोन्ही जड. पहिल्यांदा चालू केल्यावर स्वतःचा पासवर्ड ठेवल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही असं फर्मवेअर (उपकरणातलं सॉफ्टवेअर) करा. आणि अपडेट कसं पाठवणार तेही ठरवा, कारण सायबर रेझिलियन्स कायदा येतोय. ११ सप्टेंबर २०२६ पासून त्रुटी कळवायची सक्ती, ११ डिसेंबर २०२७ पासून पूर्ण लागू. तो सॉफ्टवेअर असलेल्या सुट्या घटकांनाही धरतो. म्हणजे आज मार्क न लागणाऱ्या तुमच्या सेन्सर बोर्डात फर्मवेअर असेल आणि तो मशीनच्या नेटवर्कशी बोलत असेल, तर तेव्हा त्याचाही विचार नव्याने करावा लागेल.

निर्वात | गुरुवार, रात्री ९:००

हे फार महत्त्वाचं सांगितलंत. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांना अजून याची कल्पनाही नसते.

तांब्याचे वेटोळे | तीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी ९:३०

मंडळी, उशिरा येतोय, पण हातात काहीतरी घेऊन येतोय.

एजंटला नाही म्हणून कळवलं. जर्मन कंपनीला तुमच्या सांगण्यावरून तीन परिच्छेदांची मेल लिहिली, प्रत्येक वस्तूला कुठला कायदा लागतो आणि कुठला का लागत नाही. मला भीती होती की ऑर्डर जाणार. उत्तर त्यांच्या खरेदी विभागाकडून न येता थेट गुणवत्ता विभागातल्या बाईंकडून आलं. चोकला मार्क नको, मटेरियल डिक्लरेशन हवं. बोर्डालाही मार्क नको, पण ईएमसीचा प्राथमिक रिपोर्ट आणि ‘फक्त उत्पादकांना विक्री’ असं लेखी हवं. दोन्ही देतोय. चोक आणि बोर्डाची ऑर्डर पक्की झाली.

कथिलाचं नवं भांडं आलं. जुनं वडिलांनी स्वतः उचलून बाहेर नेलं. ते भांडं त्यांनी पहिल्या कमाईतून घेतलं होतं, त्यामुळे मी काही बोललो नाही. जास्वंद ताई, स्लीव्हचं तुम्ही म्हणालात तेच निघालं. पुरवठादाराला थॅलेट म्हणजे काय हे माहीत नव्हतं. दुसरा शोधला. तो किलोमागे महाग पडतो, पण रिपोर्ट देतो.

गेटवे पुढच्या खेपेला ढकलला. फर्मवेअरचं काम चालू आहे, खारघरच्या तारखा मागितल्या आहेत. पण एक पेच आला. जर्मन कंपनी म्हणते, गेटवेवर आमचा लोगो लावा.

कालवाकाठ | रविवार, सकाळी ११:००

अभिनंदन दादा! फार बरं वाटलं.

लोगो आणि नाव त्यांचं लागलं तर कायद्याने उत्पादक ते झाले. डीओसीवर सही त्यांची, जबाबदारी त्यांची. पण मग पूर्ण टेक्निकल फाइलवर त्यांचा हक्क येतो, म्हणजे तुमचं सर्किट, लेआउट, पार्टलिस्ट त्यांच्या हाती जाणार. नाव तुमचं राहिलं तर उत्पादक तुम्ही, ते आयातदार. मग फाइल तुमच्याकडे राहील. आयातदाराला डीओसीची प्रत ठेवावी लागते आणि अधिकाऱ्यांनी मागितलं की फाइल मिळेल याची खात्री करावी लागते. दोन्ही रस्ते रीतसर आहेत. घरी बसून ठरवा.

तांब्याचे वेटोळे | सोमवार, रात्री १०:२०

काल रात्री वडिलांना हे सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, पस्तीस वर्षं आपण दुसऱ्यांच्या डब्यात जाणारे चोक गुंडाळले, कुणाच्याच डब्यावर आपलं नाव नव्हतं. या डब्यावर आपलं लावू. सही मी करतो, पण आधी तू मला टेस्टचा रिपोर्ट पानं उलटून समजावून सांग.

कंपनीला कळवलं, त्यांनी मान्य केलं. त्यांचा पत्ता आयातदार म्हणून खाली येईल. लेबलचा आराखडा आज केला. वर आमचं नाव, मध्ये पाच मिलिमीटरची खूण, मॉडेल आणि सिरियल नंबर, कोपऱ्यात काट मारलेली कचऱ्याची कुंडी (नेहमीच्या कचऱ्यात टाकू नका, ही खूण). जागा कमी पडतेय, म्हणून पत्त्याऐवजी आमची वेबसाइट टाकली तर चालेल का?

कालवाकाठ | मंगळवार, दुपारी १:१०

नाही चालणार. पोस्टाचा पत्ताच लागतो, एकाच ठिकाणचा, जिथे पत्र पाठवलं तर तुम्हाला मिळेल. अक्षर लहान करा, पण भोसरीचा पत्ता पिनकोडसह पूर्ण येऊ द्या.